गळाला लागलंय कोण? रोहू, कटला, मरळ आणि मंडळी ओळखायची कशी

जूनमध्ये पहिला दणकून पाऊस झाला की माझ्या फोनवर फोटो यायला लागतात. कोकणात वलगण, म्हणजे पहिल्या पावसातली माशांची चढण, सुरू झालेली असते, देशावर चढणीचे मासे ओढ्यांतून वर सरकत असतात, आणि कुणीतरी दोन्ही हातांनी मासा छातीशी धरून हसत उभा असतो. मागे शेताचा बांध, नाहीतर धरणाची भिंत. खाली एकच ओळ: "दादा, हा कुठला?"

दहातल्या सहा वेळा उत्तर सोपं असतं. उरलेल्या चार वेळा मी फोटो मोठा करून बघतो आणि विचारतो, "तोंड दाखव." समोरच्याला वाटतं, मी त्याच्या तोंडाविषयी बोलतोय.

गळ टाकून बसणारी माणसं आता वाढली आहेत. रविवारी पवना, पानशेत, उजनी, भाटघर, कुठेही जा, काठावर रॉड लावून बसलेली पोरं दिसतात. रॉड, रीळ, दोरी यांच्याबद्दल त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. पण पाण्यातून जे वर येतं त्याचं नाव विचारलं की रोहू, कटला आणि "कायतरी कॅटफिश" एवढ्यावर गाडी थांबते. म्हणून हा लेख.

समुद्राचं सगळं पाठ, नदीचं काहीच नाही

यात दोष कुणाचा नाही. आपल्या घरांत माशांची जी ओळख होते ती समुद्राच्या माशांची. पापलेट, सुरमई, बांगडा, बोंबील हे डोळे मिटून ओळखणारी माणसं घराघरात आहेत. २०२३ साली महाराष्ट्राने राज्य मासा निवडला, तोही पापलेट. गोड्या पाण्यातला मासा मात्र बाजारात तुकड्यांत भेटतो. डोकं एकीकडे, धड दुसरीकडे. ओळख होणार कशी?

त्यात नावांचा गोंधळ. वाम म्हटलं की मुंबईच्या माणसाच्या डोळ्यांपुढे समुद्रातली वाम येते, आणि भीमाकाठच्या माणसाच्या डोळ्यांपुढे नदीतली, टोकदार नाकाची, पाठीवर काट्यांची रांग असलेली. दोघींचं एकमेकींशी नातं नाही. शिंगाळा समुद्रात वेगळा आणि नदीत वेगळा. तालुका ओलांडला की नाव बदलतं, कधी कधी तर नुसती नदी ओलांडली तरी.

एक शब्द आधी सांगून टाकतो. मासेमारीच्या पुस्तकांत "उष्ण पाण्याचे मासे" असा प्रकार असतो. त्याचा उन्हाळी झऱ्यांशी संबंध नाही. ट्राउटसारख्या माशांना थंडगार पाणी लागतं. काश्मीर, हिमाचल, निलगिरी ही त्यांची ठिकाणं. त्यांच्या तुलनेत आपल्या धरणांचं आणि नद्यांचं पाणी कोमट. त्यात जगणारे ते उष्ण पाण्याचे. म्हणजे महाराष्ट्रात तुम्ही गोड्या पाण्यात गळाने जे काही पकडाल ते जवळजवळ सगळं यातच आलं.

पहिला धडा: रंग विसरा

नवशिका नेहमी रंग सांगतो. "सोनेरी होता." "काळपट होता." रंगावर विश्वास ठेवायचा नाही. एकाच जातीचा मासा गढूळ पाण्यात फिका असतो, शेवाळी डबक्यात काळवंडतो, विणीच्या दिवसांत नर भडक होतो, आणि मेल्यावर अर्ध्या तासात या सगळ्याचा फिक्कट राखाडी होऊन जातो. कपड्यांवरून माणूस ओळखण्यासारखं आहे ते. आकारमानही तसंच फसवं, कारण आज हाताएवढा असलेला उद्या मांडीएवढा होणारच असतो.

मग बघायचं काय? जे बदलत नाही ते. तोंड कुठे उघडतं. मिशा आहेत का, किती. अंगावर खवले आहेत का, केवढे. पाठीवरचा पर लांब की आखूड, एक की दोन. पर म्हणजे माशाचे ते पंख्यासारखे अवयव. कल्ले वेगळे, कल्ल्यांनी मासा श्वास घेतो.

आणखी एक गोष्ट, तिला पार्श्वरेषा म्हणतात. माशाच्या कुशीवर डोक्यापासून शेपटीपर्यंत बारीक टिंबांची एक ओळ असते, दोरा भरल्यासारखी. त्या छिद्रांतून माशाला पाण्यातली थरथर कळते. गणपतीत ढोलपथक अगदी जवळून गेलं की कानांआधी छातीत धडधडतं ना, तसं माशाला सगळ्या अंगाने ऐकू येतं. (म्हणून काठावर धपाधप पाय आपटू नका. बोललात तर एक वेळ चालेल.) ही रेषा ओळखीसाठी फार कामाची आहे, ते पुढे येईलच.

तोंड कुठे, तिथे त्याचं जेवण

एका शेतात शेळी, म्हैस आणि कोंबडी सोडली तर भांडण होत नाही. शेळी मान वर करून झुडपाचा पाला ओरबाडते, म्हैस गवत खाते, कोंबडी मातीत टिपते. कटला, रोहू आणि मृगळ यांचं तेच आहे. एकाच तळ्यात, पण कटला वरच्या थरात, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. मत्स्यपालनवाले या तिघांना एकत्र सोडतात ते याचसाठी. आपल्यासाठी गंमत अशी की ही वाटणी त्यांच्या तोंडावर लिहिलेली असते.

कटला. डोकं अंगाच्या मानाने भलतं मोठं, आणि तोंड आकाशाकडे उघडणारं. खालचा जबडा पुढे आलेला, जणू कायम रुसलेला. मिशा अजिबात नाहीत. वरचा ओठ जवळपास नाहीच, खालचा जाड. तो वरच्या थरातले सूक्ष्म जीव गाळून खातो. त्यामुळे तरंगी लावून आमिष वर ठेवलंत तर तुमचं नशीब.

रोहू. डोकं लहान, नाक जरा पुढे आलेलं, तोंड त्याच्या खाली. बोटाने ओठ हलकेच उलटा: कडेला झालर असते, जुन्या साडीच्या काठाला सुटलेल्या दशांसारखी. ही झालर दिसली की विषय संपला. मिशा असतात पण इतक्या बारीक की शोधाव्या लागतात. खवल्यांवर तांबूस छटा असते, पण रंगाचं काय म्हणालो ते लक्षात आहे ना.

मृगळ. रोहूचा सडपातळ, चंदेरी भाऊ वाटतो. नाक बोथट, तोंड रुंद आणि आडवं, ओठांना झालर नाही. दोन आखूड मिशा. तळातला गाळ आणि कुजका पाला हे त्याचं ताट, म्हणून आमिष जमिनीला टेकलेलं हवं.

रोहू आणि मृगळ यांची गल्लत सगळ्यात जास्त होते आणि ती ओठ उलटल्याशिवाय मिटत नाही. फोटो पाठवणाऱ्यांनो, हे तेवढं करा.

जाता जाता: हे तिघे भीमा-कृष्णेचे मूळचे रहिवासी नाहीत, उत्तरेकडून आले. ते गावतळ्यापर्यंत पोहोचले त्यामागे ओडिशातला एक प्रयोग आहे. हे मासे साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना वाहता पूर लागतो. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधरी या शास्त्रज्ञाने पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून त्यांना बंदिस्त पाण्यात अंडी घालायला लावलं. तोवर बीज, म्हणजे माशांची इवलीशी पिल्लं, नदीतून गोळा करावं लागे. १० जुलै हा देशभर मत्स्यशेतकरी दिवस म्हणून पाळतात तो त्यामुळे.

परदेशी कार्प: मिशा मोजा

कार्प म्हणजे रोहूचंच मोठं कुटुंब: खवले असलेले, जबड्यात दात नसलेले, गोड्या पाण्यातले मासे. दात असतात, पण घशात. त्यातले तीन बाहेरून आले आणि आता धरणाधरणांत आहेत.

सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, ओळखायला सगळ्यात सोपा. तोंडाच्या कोपऱ्यांत स्पष्ट दिसणाऱ्या चार मिशा आणि पाठीवर जवळजवळ शेपटीपर्यंत गेलेला लांब पर. त्या पराचा पहिला काटा टणक आणि करवतीसारखा दातेरी. जाळ्यातून सोडवताना बोट कापतं ते यानेच. याच जातीत काही माशांच्या अंगावर मोजकेच, आरशाच्या तुकड्यांसारखे मोठे खवले असतात, बाकी कातडी उघडी. तो आजारी नसतो. प्रकारच तसा आहे, मिरर कार्प.

गवत्या (ग्रास कार्प) आणि चंदेरा (सिल्व्हर कार्प) हे दोघे १९५९ साली भारतात आणले गेले. गवत्या लांबोडा, गोल अंगाचा, मिशा नसलेला, पाठीवरचा पर आखूड. नावाप्रमाणे गवत खातो. काठावरचा लुसलुशीत पाला लावून पकडणारे लोक मी पाहिले आहेत. चंदेऱ्याचे खवले इतके बारीक की कातडी गुळगुळीत वाटते. आणि डोळे भलत्याच ठिकाणी, तोंडाच्या रेषेच्याही खाली गेलेले. मासा कुणीतरी उलटा जोडलाय असं वाटलं तर तो चंदेरा.

महासीर, आणि माझी फजिती

दहा-बारा वर्षांपूर्वी मुळशीच्या बाजूला माझ्या गळाला चारेक किलोचा मासा लागला. लांब, गोल अंग, मोठाले खवले, उन्हात पितळेसारखे चमकणारे. मी फोटो काढला, "महासीर!" असं लिहून चारचौघांना पाठवला आणि अभिनंदनं स्वीकारत बसलो. संध्याकाळी गावातल्या तात्यांना दाखवला. सगळा जन्म पाण्यावर गेलेला माणूस. त्यांनी फोटो बघितलाही नाही नीट. म्हणाले, "मिशा कुठायत?"

नव्हत्या. गवत्या होता तो.

महासिराला दोन जोड्या, म्हणजे चार मिशा असतात. ओठ जाड, मांसल. आणि खवले खरोखर प्रचंड. इथे पार्श्वरेषा कामाला येते. कल्ल्याच्या मागून सुरुवात करून त्या टिंबांच्या ओळीतले खवले शेपटीपर्यंत मोजत जायचे. मी काडेपेटीची काडी वापरतो. रोहू असेल तर चाळीसच्या वर जाल. आपल्याकडच्या महासिरात पंचवीस-सत्तावीसला शेपूट येते. तेवढ्याच लांबीत तेवढे कमी खवले, म्हणजे एकेक खवला केवढा असेल बघा. सायप्रिनस या दोघांच्या मध्ये कुठेतरी, पस्तीस-चाळीसच्या आसपास. एवढं मोजायला मिनिटही लागत नाही, पण मासा ओल्या कापडावर किंवा ओल्या हातात धरून मोजा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडल्यावरही तो जगेल याची खात्री राहत नाही.

आपल्या महासिराचं शास्त्रीय नाव टॉर खुद्री. हे "खुद्री" लॅटिन नाही, इथलं आहे. कर्नल विल्यम साइक्स नावाचा इंग्रज अधिकारी मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करत फिरायचा. त्याने पुण्याच्या मुळा-मुठेतले आणि आसपासचे मासे पाहिले, काठावरच्या लोकांना नावं विचारली आणि १८३९ साली तीच नावं शास्त्रात नोंदवून टाकली. म्हणून जगभरच्या संग्रहालयांत आज एका माशाची चिठ्ठी "मिस्टस शिंगटी" अशी आहे, एकाची "गारा मुल्या", म्हणजे आपला मळ्या, आणि एकाची "रिटा गोग्रा", म्हणजे घोगऱ्या. लॅटिनला बुजणाऱ्या माणसाला मी हे मुद्दाम सांगतो. त्यातली निम्मी नावं पुण्याच्या घाटावरची आहेत.

महासिराला आपल्याकडे देवाचा मासा म्हणूनही राखलेलं आहे. वाडा गावाजवळ वैतरणा नदीवर तिळसेश्वराच्या डोहात आणि महाडच्या बाजूला वाळणकोंडीत हे मासे माणसाच्या हातून खायला येतात. तिथे गळ टाकायचा विचारही कुणी करत नाही. तोंड, मिशा, खवले बघून ओळख पक्की करायची असेल तर या दोन जागांसारखी शाळा नाही. मुरमुरे टाका आणि बघत बसा.

"नावात काय आहे, शेवटी कालवणच ना?"

हा प्रश्न मला हमखास येतो आणि तो अगदीच चुकीचा नाही. पण कावेरीत काय झालं ते सांगतो.

लोणावळ्याला वळवणमध्ये टाटा पॉवरचं महासीर पैदास केंद्र आहे. १९७०च्या दशकापासून तिथे महासिराची पिल्लं तयार होतात. हेतू चांगला होता: धरणांनी नद्या अडवल्या, मासा घटला, म्हणून पिल्लं सोडायची. ती पिल्लं दूरदूर गेली. कावेरीतही सोडली गेली. त्या वेळी "महासीर म्हणजे महासीर" असाच हिशेब होता. पण कावेरीत आधीपासून एक वेगळाच महासीर होता, पाठीवर कुबड असलेला, नारिंगी परांचा, जगातल्या सगळ्यात मोठ्या महासिरांपैकी एक. आपला निळसर परांचा खुद्री तिथे रुजला, फोफावला, आणि कुबडवाला दिसेनासा होत गेला.

हे लक्षात आलं ते गळ टाकणाऱ्यांमुळे. कावेरीकाठच्या कॅम्पवर दर माशाचं वजन लिहून ठेवायची पद्धत होती, आणि निळ्या पराचा की कुबडवाला, हेही. वर्षानुवर्षांच्या त्या नोंदींतून उतरती रेषा दिसली. कुबडवाल्याला त्याचं पक्कं शास्त्रीय नाव, टॉर रेमादेवी, मिळेपर्यंत २०१८ साल उजाडलं, आणि त्याच वर्षी त्याची गणना अतिसंकटग्रस्त यादीत झाली. नाव मिळालं तेव्हा मासा संपायला आला होता.

त्या वह्यांत नुसतं "महासीर, अमुक किलो" लिहिलेलं असतं तर हे कळलंच नसतं.

बिनखवल्यांची मंडळी: इथे हात सांभाळा

अंगावर एकही खवला नाही आणि तोंडाभोवती लांब मिशा, म्हणजे कॅटफिश. मिशा कशासाठी? गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग नाही. अंधारात चाचपडणाऱ्याच्या हातातली काठी असते तसं हे; शिवाय या काठीला चव कळते.

शिवडा यातला दांडगा. चपटं डोकं आणि तोंडाची चीर डोळ्याच्याही मागे गेलेली. हसला तर डोकं सुटून पडेल असं वाटतं. दात बारीक, पण आत बोट घातलं तर सोलून निघेल इतके. पाठीवरचा पर अगदी नाममात्र, पण पोटाखालचा पर शेपटीपर्यंत लांबच लांब. हिंदीभाषक व्यापारी याला पढीन म्हणतात.

शिंगाळा शिवड्याच्या शेजारी ठेवलात तर फरक लगेच कळतो. याच्या पाठीवर दोन पर. पुढचा उंच, काटेरी. मागचा मांसल, बिनकाट्याचा, बोटाने दाबला तर रबरासारखा. त्याला चरबीचा पर म्हणतात. त्यावर एक काळा ठिपका असतो. शेपटी खोल दुभंगलेली. मिशा लांब, पार मागे गेलेल्या. शिंगटी त्याचीच लहान नातलग, वीतभर. पण काटा मात्र मोठ्यांचाच. तीन काटे असतात: एक पाठीवर, दोन छातीच्या परांत, आणि घाबरली की तिन्ही ताठ करून कुलूप लावल्यासारखे अडकवते. माझ्या अंगठ्याला एकदा बसला आहे. मासा छोटा म्हणून मूठ आवळली होती. पकडायची झाली तर पाठीवरच्या काट्याच्या मागून, छातीचे काटे दोन बोटांच्या बेचक्यांतून बाहेर राहतील अशी.

शिंगी ही आणखी वेगळी, आणि सगळ्यांत धोक्याची. सडपातळ, चार जोड्या मिशा, पाठीवर चिमटीत मावेल एवढाच पर. छातीच्या काट्यांत विष असतं. जीव सहसा जात नाही, पण दुखणं असं की मोठा माणूस रडतो. सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवला की कळ उतरते. भाजेल इतकं नको. काटा आत तुटला असेल किंवा सूज वर चढत असेल तर थेट दवाखाना.

राहिला मांगूर. चार जोड्या मिशा, आणि पाठीवरचा पर डोक्यामागून निघून शेपटीपर्यंत सलग. देशी मांगूर हातभराच्या पुढे सहसा जात नाही. पाच-सात किलोचा, अंगावर संगमरवरासारख्या राखाडी छटा असलेला मांगूर दिसला तर तो आफ्रिकन, ज्याला बाजारात थाई मांगूर म्हणतात. तो जे तोंडात मावेल ते गिळतो, इतर माशांची पिल्लंही. त्याच्या पालनावर देशात २००० सालीच बंदी आली. तरी तो अजून सापडतो, त्यामुळे "मोठा मांगूर मिळाला" हा फोटो आला की मला आनंद होत नाही.

मरळ

मरळ ओळखायची कशी यावर फार लिहायची गरज नाही. सापाचं डोकं, माशाचं अंग. डोक्यावर मोठे खवले, पाठीवरचा आणि पोटाखालचा असे दोन्ही पर लांब, शेपटी गोल. मिशा नाहीत. शेपटीच्या बुडाशी डोळ्यासारखा ठिपका आणि त्याभोवती पांढरट कडी असेल तर ती मोठी होणारी जात. अंगावर तिरक्या काळ्या पट्ट्या असतील तर साधी, डबक्यातही सापडणारी. वीतभरच, परांना निळी-नारिंगी किनार असेल तर डोकऱ्या. ती मरळीचं पिल्लू नव्हे, वेगळी जात आहे.

मरळीला हवेतला श्वास लागतो. कल्ल्यांच्या वर तिच्या डोक्यात एक पोकळी असते, तिथे ती हवा भरून घेते. लग्नाच्या गच्च हॉलमधून कुणीतरी दर थोड्या वेळाने गॅलरीत येऊन श्वास घेऊन जातं, तशी ती वर येते. तो "पुळुक" आवाज आणि गोल तरंग हाच गळवाल्याचा इशारा. कमळाच्या पानांशेजारी बेडकाच्या आकाराचं रबरी आमिष ओढत न्यायचं.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगतो. पावसाळ्यात पाण्यावर लालसर-नारिंगी पिल्लांचा थवा उकळल्यासारखा हलताना दिसला, तर त्याच्या खाली आई-बाप राखण करत असतात. त्या वेळी ते समोर येईल त्यावर धावतात, भुकेने नव्हे, रागाने. पकडायला सगळ्यात सोपे तेव्हाच. आणि त्यांना काढलं की पिल्लं शिवड्याच्या आणि चिलापीच्या पोटात. मी थव्यावर गळ टाकत नाही. शेजारी बसलेल्याने टाकला तर बोलतो, आणि त्यावरून भांडणंही झाली आहेत.

पाहुणे, नको असलेले आणि नाव बदललेले

चिलापी म्हणजे तिलापिया, १९५२ साली भारतात आली. उजनीवर आज गळ टाकाल तर पहिली तीच लागेल. चपटं, उंच अंग, पाठीवर एकच सलग पर: पुढे काटे, मागे मऊ. पक्की खूण पार्श्वरेषा. चिलापीत ती तुटलेली असते, वरचा तुकडा अंगाच्या मध्यापर्यंत येऊन थांबतो आणि खालचा वेगळा सुरू होतो. मादी अंडी तोंडात घेऊन फिरते, म्हणून तिचं बीज वाया जात नाही आणि तळं भरून जातं.

रूपचंद हा दक्षिण अमेरिकेतला पाकू. लाल पोट, गोल चपटं अंग, आणि दात बघाल तर माणसासारखे. "गोड्या पाण्यातलं पापलेट" म्हणून विकतात. फसायचं नसेल तर पाठीवर, शेपटीच्या अलीकडे चरबीचा छोटा पर आहे का बघा, आणि पोटाखाली जोडीचे पर. मोठ्या पापलेटाला दोन्ही नसतात.

सकर मासा मत्स्यालयांतून सुटून धरणांत आला. अंगावर खवल्यांऐवजी हाडांच्या चिलखती पट्ट्या, तोंड खाली, चिकटणारं. जाळी फाडतो, काठ पोखरतो. कालवण होत नाही. पुन्हा पाण्यात मात्र सोडू नका. सकर असो वा थाई मांगूर, "सोडून दिला, पुण्य लागलं" हे इथे लागू नाही.

"मोबाईलला विचारलं की सांगतो ना"

सांगतो. कधी बरोबर सांगतो. पण त्याला फोटो तुम्हीच देता, आणि मासा छातीशी कवटाळून, तोंड हाताखाली, पर मिटलेले असा फोटो दिला तर मोबाईलही माझ्यासारखाच अंदाज मारतो. मासा आडवा, ओल्या कापडावर. पर उघडलेले. एक फोटो पूर्ण, एक तोंडाचा समोरून. शेजारी मापासाठी काडेपेटी. एवढं असेल तर मोबाईलची गरज लागत नाही.

"पण वर सांगितलेल्या खुणांत बसतच नसेल तर?" असंही होतं. पैदास केंद्रांत रोहू आणि कटल्याचा संकर होतो, कधी मुद्दाम, कधी निष्काळजीपणाने. डोकं कटल्याकडे झुकलेलं, ओठ रोहूकडे. त्याला कुठल्याच रकान्यात बसवता येत नाही.

आणि गळ टाकण्याआधी एक विचारा: पाणी कुणाचं? बहुतेक जलाशयांतले मासेमारीचे हक्क सहकारी संस्थांना किंवा ठेकेदारांना दिलेले असतात. काठावरच्या भोई-कोळी मंडळींना विचारलं, दोन शब्द नीट बोललात, तर बहुतेक वेळा "बसा की" हेच उत्तर मिळतं. अभयारण्यात मात्र विचारूही नका.

हे लिहीत असतानाच भिगवणहून एका पोराचा फोटो आला. दोन किलोचा असेल, लांबोडा, चंदेरी, मूठ नेमकी तोंडावर. मी नेहमीचं लिहिलं, "तोंड दाखव." त्याचं उत्तर आलं, "सोडला दादा. पण मिशा दोन होत्या, बारीक. मोजल्या."

मृगळ असावा.